आत बऱ्या दिसतो

३ तारीख, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. लहान मुलांचा पोटाच्या आणि यकृताच्या दुखण्यांचा वॉर्ड, पण रडारड जवळजवळ नाहीच. फरशी चकचकीत, चादरी परीटघडीच्या आणि छताला निळसर दिवे. त्यांच्याखाली कावीळ झालेलं मूलसुद्धा टवटवीत दिसतं. आईबापांनी घाबरू नये म्हणून मुद्दाम बसवलेत, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या. खिडक्यांच्या काचाही त्यासाठीच रंगवून टाकल्यात. आमच्या जुन्या दवाखान्यात दिवा लागला तरी आम्ही खूश असायचो! दारापाशीच्या खाटेवर यकृताच्या दुखण्याने आलेली पाच वर्षांची पोर आहे. तिने माझं लग्न, माझं वजन, माझ्या चपला, सगळ्याची चौकशी केली. मी तिचं नाव बडबडी ठेवलं.

६, गुरुवार
सलग दोन पाळ्या. पायांचे तुकडे पडलेत. इथली एक पद्धत मला खटकते. मूल पिवळं दिसलं तरच रक्त तपासायला पाठवायचं, उगाच पोरांना सुया टोचायच्या नाहीत. ऐकायला बरं वाटतं, पण या उजेडात पिवळं दिसणार कोण? मोठ्या सिस्टरना विचारलं, तर हसून म्हणाल्या, कोणीच दिसत नाही, उगाच का आपल्या वॉर्डाचं एवढं नाव झालंय.

११, मंगळवार
बडबडी आज दिवसभर गप्प. अंग खाजवून खाजवून लाल केलंय, पोट फुगलंय. डॉक्टरांनी दिव्याखाली तिची पापणी खाली ओढली, छान म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. राग आला, पण भांडायला अंगात त्राण तर हवं. हल्ली मलाही जेवण समोर आलं की मळमळतं. दगदग, दुसरं काय.

१४, शुक्रवार
दुपारी तिला कडेवर घेऊन मागच्या गॅलरीत उन्हात गेले. हळदीसारखी पिवळी. डोळे, तळवे, नखंसुद्धा. धावत आत आणून डॉक्टरांना बोलावलं, तर आत ती ठणठणीत दिसत होती. बाहेर येऊन बघा म्हटलं, तर म्हणाले, बाहेर कोणी जात नाही सिस्टर, तुम्ही जरा झोप काढा. खरंच, इथलं कोणी उन्हात जातच नाही. माझ्या आत्ता लक्षात आलं.

१५, शनिवार
तिचं रक्त मीच काढून पाठवलं. तसंच परत आलं. मूल पिवळं दिसत नाही, असं सांगून.

१७, सोमवार
तिच्या हिरड्यांतून रक्त येतंय. आज दुसऱ्या इस्पितळात नेलं नाही तर ही पोर हातची जाईल. डॉक्टरांना आणि मोठ्या सिस्टरना हाताला धरून गॅलरीत ओढलं —
दोघंही पिवळे. डोळ्यांत पांढरं काही उरलेलंच नाही.
रागावले नाहीत. म्हणाले, आत चला, आत काही नाही. आणि गेले.

थोड्या वेळाने
गॅलरीतच बसलेय. बडबडी मांडीवर. फाटकापर्यंत गेलं की गाडी मिळेल. पण उठवत नाही. लिहिणाऱ्या हाताकडे बघणार नाही —

ती बोलली! किती दिवसांनी. म्हणाली, ताई, आत जाऊ ना. आत आपण दोघी बऱ्या दिसतो.

उठले. समोर फाटक. मागे दार, दारातून तो उजेड — किती गार — आत जरा टेकते फक्त, मग लगेच हिला घेऊन —