वगळलेले तिघे

दि. ३, शुक्रवार

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्हीही तिकडे बरे असाल असं धरून चालतो, कारण काही बिनसलं असतं तर आतापर्यंत तू तीन पानं भरून मला झापलं असतंस.

फोन सोडून कागदावर का लिहितोय ते विचारू नकोस, आणि फोनवर तर मुळीच विचारू नकोस. दुधाचा टँकर नेणारे काका रोज सीमेवरचा पूल ओलांडून तुमच्या गावात येतात, त्यांच्या हाती हे देतोय. उत्तरही त्यांच्याच हाती दे.

आईचा गुडघा तसाच आहे. जिना चढताना ती गुडघ्याला शिव्या देते आणि वर आल्यावर मला. कॉलेज सोडून दीड वर्ष झालं, तरी तिचं एक वाक्य त्याच्याशिवाय पुरं होत नाही. ‘भाजी करपली’ इथून सुरुवात केली तरी ‘तेव्हा परीक्षा दिली असतीस तर’ इथेच येऊन थांबते.

नोकरी चालू आहे. आईला मी भाषांतराचं काम म्हणून सांगितलंय. खोटं नाही ते, पाटीवरही ‘अनुवाद सेवा’ असंच लिहिलंय. तिसरा मजला, खाली पडद्यांचं दुकान. चौदा टेबलं, खिडक्यांच्या काचांवर आतून ब्राऊन पेपर. चहा बरा असतो.

तुमच्याकडे येत्या बारा तारखेला, रविवारी मतदान ना? इकडे तर वाटतं, मत आपल्यालाच द्यायचंय. आपले साहेब रोज टीव्हीवर तुमच्या डॉक्टरांचं कौतुक करतात. परवा म्हणाले, डॉक्टर निवडून आले तर पूल रुंद करतो, वकीलबाई आल्या तर पुलाला कुलूप लावतो. एका देशाचा प्रमुख दुसऱ्या देशाच्या मतदाराला असं दटावतो आणि इकडे सभेत टाळ्या पडतात. मीही वाजवल्या. पुढच्या रांगेत ऑफिसचे लोक होते.

बरं, एक काम आहे. हेडसरांना यंदाही मतदान केंद्रावर नेमलंय का? तुझ्यापासून दोनच गल्ल्यांवर राहतात, तुला माहीत असेल. नेमलं असो वा नसो, त्यांना आणि त्यांच्या लेकीला आठवडाभर गावाबाहेर हलव. भाऊजींच्या टेंपोत बसव आणि तुझ्या सासूबाईंकडे नेऊन सोड. कारण काहीही सांग. सासूबाईंना मुलांची शिकवणी हवीय म्हण, विहिरीला पाणी लागलं म्हण, काहीही.

तिने विचारलं, ‘हे त्याने सांगितलं का?’ तर नाही म्हण. ती विचारेलच. ती आपली खालचा ओठ दातात धरून बघेल आणि तुला खरं बोलावंसं वाटेल, तरी नाही म्हण.

तुझा,
धाकटा


दि. ७, मंगळवार

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘लहानपणी चेंडूने काच फोडलीस की तू आधी येऊन विचारायचास, शेजारचे घरी आहेत का गं? आता काय फोडलंस ते सांग, मग टेंपो काढते.’ वाचून हसू आलं. सांगतो. मध्ये कुठे उठून भाऊजींना हाक मारू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आमच्या ऑफिसात भाषांतर होत नाही. आम्ही तुमच्या देशातल्या लोकांची सोंगं घेतो. भाषा एकच, मध्ये नुसता पूल, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. माझ्याकडे चाळीस माणसं आहेत. एक निवृत्त सैनिक, एक दोन मुलांची आई, एक शिंपी, असे. ते सगळे फोनवर, इंटरनेटवर लिहितात, भांडतात, डॉक्टरांना देवमाणूस म्हणतात आणि वकीलबाईंना चोर. शेजारच्या टेबलावरची मुलगी रोज बारा आज्या होते. दुपारी डबा खाताना म्हणते, ‘आज माझ्या एका आजीला सहा हजार लोकांनी आशीर्वाद मागितला, आणि माझी खरी आजी मला घरात घेत नाही.’ आम्ही खूप हसायचो, ताई. मला वाटायचं, गंमत आहे, कुणाचं काय जातंय? शिवाय मी डोक्यात राख घालून कॉलेज सोडलेलं, मला दुसरं कोण ठेवणार होतं?

मग साहेब एका भाषणात म्हणाले, ‘पलीकडे मतं चोरली जाणार आहेत, माझ्याकडे खबर आहे.’ खबर कसली, काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर आमच्यापुढे उभा राहिला. ‘साहेबांनी सांगितलंय, आता ते घडलेलं पाहिजे.’ त्याचा एक नियम आहे. प्रत्येक खोट्यात एक खरी गोष्ट हवी, त्या गावच्या माणसाला ओळखू येईल अशी. एक खरा खिळा ठोकला की बाकीचं सगळं त्यावर लटकवता येतं, असं तो म्हणतो. इतरांनी नकाशे बघून, जुने फोटो शोधून खिळे आणले. माझ्याजवळ तुमच्या गावातलं खरं असं किती होतं? जे होतं ते सगळं तिने सांगितलेलं होतं.

ती इकडच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती, तेव्हा कँटीनच्या पायरीवर एकदा मी कुणाशी तरी मारामारी करून रुसून बसलो होतो. तेव्हा तिने सांगितलं होतं की मागच्या निवडणुकीत शाळेची पाण्याची टाकी फुटली, खोलीत घोटाभर पाणी झालं, आणि सरांनी मतपेट्या सायकलला बांधून घरी नेल्या. एकटे नाही. तिन्ही पक्षांची माणसं बरोबर होती. सकाळी मोठी गाडी येईपर्यंत ते तिघे एकाच सतरंजीवर पेट्यांभोवती झोपले, एक इतका घोरत होता की बाकीच्या दोघांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार करायची ठरवलं. सकाळी चौघांनी मिळून सील तपासलं, सह्या केल्या. आयोगाने सरांना शाबासकीचं पत्र दिलं. ते त्यांच्या ओट्यावर लावलंय ना, तू पाहिलं असशील.

मी लिहिलं: हेडमास्तर मतपेट्या सायकलवरून घरी घेऊन गेला. शाळेचं नाव, गल्ली, सायकलचा रंग, सगळं खरं. त्या तिघांना मात्र मी वगळलं.

का लिहिलं? मला त्या दिवशी चांगलं काही सुचत नव्हतं आणि मॅनेजर टेबलापाशी उभा होता. हे एक कारण. दुसरं सांगायची लाज वाटते. दीड महिना तिचं पत्र नव्हतं. मला वाटलं, विसरली. तिच्यासाठी मी प्रोफेसरच्या अंगावर हजेरीपट फेकला, तर म्हणाली, ‘मी सांगितलं होतं का तुला?’ तो राग पोटात होताच. सरांबद्दल लिहिताना मला वाटत होतं की मी तिच्या घरात जाऊन काहीतरी आपटतोय. एवढंच. त्यांच्या दारात गर्दी जमेल असं मनातही नव्हतं.

शनिवारी साहेबांनी ते सभेत वाचलं. माझं वाक्य, जसंच्या तसं. ‘हेडमास्तर! सायकलवरून! घरी!’ आणि तीन वेळा बोट वर केलं. ऑफिसात सगळे उभे राहिले. मॅनेजरने मला मिठी मारली. ताई, आणि खरं सांगतो, घटकाभर मला बरं वाटलं. अख्खा देश माझं वाक्य ऐकत होता.

मग मी पुढचं वाचलं. तुमच्याकडचे लोक माझ्या पोस्टखाली लिहीत होते. खरे लोक, आमचे नव्हेत. ‘घर कुठलं?’ ‘मी दाखवतो.’ ‘रविवारच्या आधी जाऊ.’

पहिलं पत्र मी सभेच्या आदल्या दिवशी लिहिलं होतं, कारण माझी पोस्ट साहेबांच्या माणसांनी तेव्हाच मागून नेली होती. आता जेवण जात नाही. जिन्यात पावलं वाजली की मी मोजतो.

त्यांना हलव, ताई. आज हे वाचशील तर आजच.

धाकटा


दि. १०, शुक्रवार

ताई,

मी सांगितल्याप्रमाणे तू केलंस, बुधवारी त्यांना सासूबाईंकडे पोचवलंस. तुझे उपकार म्हणणार नाही, तू चिडशील. सर जायला तयार नव्हते, ‘मी गेलो तर पेट्या कुणाच्या भरवशावर?’ म्हणत होते, आणि भाऊजींनी त्यांना जवळजवळ उचलूनच टेंपोत बसवलं, हेही वाचलं. आणि तिला तू सगळं सांगितलंस. तिचा निरोप तू जसाच्या तसा उतरवलास: ‘त्याला सांग, ती गोष्ट मी त्याला हसवायला सांगितली होती.’

ती चिठ्ठी खिशात घेऊन फिरतोय.

पण सर बरोबर होते, आणि मी पुन्हा चुकलो. काल मॅनेजरने माझ्यासमोर एक फोटो ठेवला. सरांच्या दाराला कुलूप, खिडकीची काच फुटलेली, भिंतीवर काळ्या रंगात ‘चोर’. दुसरा फोटो टेंपोचा, मागे दोन माणसं बसलेली, पाठमोरी. तिची वेणी मी कुठेही ओळखतो. मॅनेजर म्हणाला, ‘तुझाच माणूस आहे, तूच पुढे ने. पळाला! चोर नसता तर पळाला असता का? संध्याकाळी साहेब बोलणार आहेत.’

म्हणजे मीच पळवलं आणि तेच पुरावा झालं. टेंपोचा नंबर अर्धा दिसतोय. मी माझ्या प्रतीत तो कापला, पण मूळ फोटो त्याच्याकडे आहे. अर्ध्या नंबरावरून भाऊजींपर्यंत पोचायला किती वेळ लागेल? तुमच्या गावात तसे टेंपो किती आहेत? मी रात्रीच नव्हे, दिवसाढवळ्याही घाबरतोय.

काल मी लिहिलं नाही. पोट दुखतंय म्हणून घरी आलो. शेजारच्या मुलीने लिहिलं, तिच्या बाराही आज्यांनी. ‘मास्तर पळाला गं बाई.’ मी निघताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आता नीट ऐक. सरांना लपवू नका. लपलेला माणूस चोरच दिसतो. उद्या सकाळी, उजेडात, त्यांना शाळेत परत आणा. भाऊजींनी एकट्याने नको. ते तिघे शोधा, मागच्या वेळचे. त्यातला एक डॉक्टरांच्या पक्षाचा होता ना, तो तर आलाच पाहिजे. तो घोरणारा असेल तर उत्तम, त्याला सगळं गाव ओळखत असणार. तिघांना सरांच्या बरोबर शाळेच्या फाटकात उभं करा आणि काय झालं होतं ते त्यांच्या तोंडून गर्दीला ऐकू दे. यायला घाबरले तर त्यांच्या घरी जाऊन बस, तू बसतेस तशी. याने धोका टळेल अशी खात्री मी देऊ शकत नाही. माझ्याकडे दुसरं काही नाही.

सोबत वेगळा कागद आहे. त्यात मी काय लिहिलं, कुणी लिहायला सांगितलं, काय वगळलं, सगळं आहे, खाली माझं पूर्ण नाव आणि सही. तो तुमच्या निवडणूक अधिकाऱ्यांना दे. नक्कल करून वर्तमानपत्रालाही दे.

मी येऊ शकत नाही. आम्हा चौदाही जणांची नावं पुलावर दिलेली आहेत, मतदान होईपर्यंत सोडत नाहीत. पण उद्या सकाळी मी ऑफिसात जाणार आहे. माझी चाळीस माणसं एकदम बोलतील, आणि सगळी त्या कागदातलीच गोष्ट सांगतील, माझ्या फोटोसकट. मॅनेजरला कळायला दहा मिनिटं लागतील. लोक म्हणतील, शत्रूने केलं. काही थोडे तरी वाचतील. फाटकाशी उभ्या असलेल्यांपैकी एकाने जरी खिशातून फोन काढून वाचलं तरी चालेल.

हे पत्र टँकरवाल्या काकांकडे दिलेलं नाही. आईच घेऊन येतेय, काकांच्या शेजारी बसून. पुलाच्या यादीत तिचं नाव नाही, मी विचारून घेतलं. तिला सांगितलंय की तुला बरं नाही. आल्यावर ती तुझ्या कपाळाला हात लावून बघेल, लावू दे. तिला परत पाठवू नकोस. निदान महिनाभर नको, आणि माझ्याबद्दल काय ऐकशील ते तिला एकदम सांगू नकोस.

तिचा चष्मा मी काढून घेतलाय, वाटेत हे वाचायला नको म्हणून. तिला वाटतंय हरवला, सकाळपासून सगळं घर उलथंपालथं करतेय आणि मला शिव्या घालतेय. तिथे नवा करून दे. डाव्या डोळ्याचा नंबर दोन, उजव्याचा अडीच.

खूप भीती वाटतेय, ताई. तरी उद्या जाणार आहे, हे सरांच्या लेकीला कळव. तिने काही उत्तर द्यावं म्हणून नव्हे.

तुझा भाऊ