आडवा काप

३ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

लग्नघरातली बाई असते तितपत मी खुशाल आहे. माझ्या भिंगरीचं लग्न एप्रिलमध्ये ठरलं हे फोनवर सांगितलं तर तू नुसतं बरं म्हणालास, आणि येणार ना विचारल्यावर गुडघ्याचं निमित्त काढलंस. गुडघा कधीपासून दुखायला लागला रे? तुला काय दुखतंय ते मला ठाऊक आहे. हॉटेलात वाइन ओतताना तुझा हात थरथरला, एका पाहुणीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर सांडली, आणि दुसऱ्या दिवशी तू हेडवेटरची नोकरीच सोडलीस. तेव्हापासून चारचौघांत पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाहीस. अशाने माणूस घरकोंबडा होतो, दादा.

असो. भाषण पुरे, आता काम. तुझ्या पलंगाखाली वाइनच्या बुचांचं पोतं आहे. वहिनी बिचारी त्याला सवत म्हणायची. ती बुचं भिंगरीला हवी आहेत. जेवणाच्या टेबलावर प्रत्येक पाहुण्यापुढे एक बूच आडवं ठेवायचं, त्यात त्याच्या नावाची चिठ्ठी, आणि जाताना आठवण म्हणून ते घरी न्यायचं, असं तिच्या डोक्यात आहे. आधी बुचं वाफेवर धर, म्हणजे चुरा होत नाही. मग लोळू नये म्हणून खालून जरा तास आणि वरून एक काप दे. हे तूच करायचंस, तिने बजावून सांगितलंय.

लोभ आहे तसाच असू दे, हट्ट तेवढा कमी कर.

तुझी,
ठमी

२६ फेब्रुवारी

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी जीभ अजून धारदार आहे हे वाचून बरं वाटलं. माझ्या सुरीला तशी धार असती तर काम लवकर उरकलं असतं. खोकं आजच रवाना केलं आहे.

पहिले दोन दिवस नुसता भुसा पाडला. मग लक्षात आलं, कोपर टेबलावर दाबून धरलं की हात पुष्कळसा ताळ्यावर येतो. तरी काप वाकडे गेलेत आणि अंगठ्याला पट्टी आहे. पण खरं सांगू? सकाळी उठून करायला काहीतरी होतं. स्वयंपाकघरात वाफ, टेबलभर बुचं, आणि प्रत्येकाच्या टोकाला कुठल्यातरी मेजवानीचा लाल डाग. बाटली उघडली की बुचाला कोण विचारतं? म्हणून मी ती उचलून आणायचो. त्यात स्वतःला पाहायचो वगैरे समजू नकोस, तेव्हा मी चांगला तरणाताठा होतो.

येण्याचं मात्र मनातून काढून टाक. पोरीच्या सासरच्या माणसांपुढे मामाच्या हातून काही सांडलं तर मला ते सोसणार नाही. तो दिवस तिचा आहे. माझे आशीर्वाद खोक्यात घातलेत असं समज.

रागावलीस तरी पत्र धाडत जा.

तुझा,
दादा

९ मार्च

तीर्थरूप मामास,
सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. आईने उघडलं आणि कपाळाला हात लावला. काप बुचाच्या लांबीने हवा होता, तू एकूण एक बुचाला आडवा दिला आहेस! त्यामुळे चिठ्ठ्या तिरक्या बसतात, आणि चिठ्ठी पाहुण्याकडे केली की बुचाचं डाग पडलेलं टोक बरोबर त्याच्या तोंडासमोर येतं. सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणून आई हळहळली आणि तुला कळू न देता दुसरी बुचं आणायला निघाली. मी तिला दारातून परत आणलं.

मला तुझं हॉटेल आठवलं, मामा. लहानपणी मी तिथे खुर्चीवर उशी टाकून बसायचे. मोठ्या गिऱ्हाइकांपुढे वाइनचं ठेवायचास तसं तू सरबताच्या बाटलीचं बूच काढून बशीत ठेवायचास, ओलं टोक माझ्याकडे करून, आणि बाईसाहेबांनी पारखून घ्यावं असं अदबीने सांगायचास. मी वास घेऊन मान डोलावली की मगच ओतायचास. आत्ताही तू तेच केलं आहेस. माझ्या प्रत्येक पाहुण्यापुढे तू बूच ठेवलं आहेस, जसं जन्मभर ठेवत आलास तसं. ही चूक मी कुणाला सुधारू देणार नाही. आणि तिरक्या चिठ्ठ्या तर वाकून या, बसा म्हणताहेत.

तुझी चिठ्ठी मी स्वतः लिहिली आहे. तुझं बूच माझ्या शेजारच्या खुर्चीपुढे असेल. तू आला नाहीस तर ती खुर्ची रिकामी राहील, आणि मला फार वाईट वाटेल. सांडण्याचं म्हणशील तर त्या दिवशी मी गडद लाल नेसणार आहे. मुद्दाम वाइनचा रंग बघून घेतलं आहे.

वाट पाहते.

तुझी,
भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काप आडवे गेले हे तू लिहीपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. हाताला एवढं आठवतं याचं नवल वाटलं. ज्या हाताला मी इतके दिवस शिव्या देत होतो, तो बिचारा त्याचं काम करत होता. तुझं पत्र वाचून रडलो. हे आईला सांगू नकोस, ती मला जन्मभर चिडवेल. तिला एवढंच कळव की गुडघा बरा झाला.

टेबलावर वाढणाऱ्यांना माझा एक निरोप दे. माझा पेला अर्धाच भरा म्हणावं. तो मी सगळ्यांदेखत उचलणार आहे.

येतो.

तुझा,
मामा