क्रियापद नाही तर तास नाही

२ जानेवारी

नवी वही, नवं पद. डीनसाहेबांनी आज मला अभ्यासक्रम समितीचा प्रमुख केलं. डॉक्टरकीच्या पदवीचा अख्खा अभ्यासक्रम नव्याने लिहायचा आहे आणि लेक्चरचे तास एक तृतीयांशाने कमी करायचे आहेत. डीन म्हणाले की हे काम घ्यायला दुसरं कोणी तयारच होईना. म्हणजे दुसरं कोणी लायक नाही. ते तोंडावर स्पष्ट बोलत नाहीत, इतकंच.

खरं कारण इथे लिहून ठेवायला हरकत नाही. इंग्वायनल कॅनॉल, म्हणजे जांघेतली बोटाएवढी वाट, जिच्यातून हर्निया उतरतो. तिच्यावरची माझी सहा लेक्चर्स. चोवीस वर्षं देतोय, सात रंगांचे खडू वापरून. कात्री दुसऱ्याच्या हातात गेली असती तर पहिल्यांदा माझेच सहा तास उडाले असते. आता ती माझ्या हातात आहे.

संकल्प: रोज सहाला उठणे. दोन महिन्यांत काम संपवणे. कोणालाही मूर्ख न म्हणणे (तोंडावर).

५ जानेवारी

पहिली बैठक. अकरा विभागप्रमुख, त्यातले वेळेवर चार. बाकीचे आले ते चहा कुठे आहे ते बघत आले. प्रोजेक्टरवर वीस मिनिटं नुसता निळा पडदा. फिजिऑलॉजीचा प्रमुख माझ्या समोर बसला होता. हा माणूस कशालाही फक्त ‘हं’ म्हणतो. मी त्याचं नाव हुंकार ठेवलं आहे. तास कापणार म्हटल्यावरही हं.

मिनिट्स लिहायला माझ्या ॲनाटॉमी विभागातली लेक्चरर होती. तिला मी शिवणक्लास म्हणतो. सुई-दोरा, फोमचे तुकडे आणि जुने पायमोजे घेऊन पोरांना घोळक्याने जमिनीवर बसवते आणि त्याला शिकवणं म्हणते. ती मध्येच म्हणाली की सर, तास संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल, ते प्रत्येकाने आधी लिहून दिलं तर काय कापायचं ते आपोआप कळेल. मी म्हटलं, ही सूचना बालिश आहे. सगळे हसले. बैठक यशस्वी.

६ जानेवारी, सकाळी ६.५० (सहाला उठणे उद्यापासून)

दाढी करताना एक अगदी मूलभूत कल्पना सुचली. तास संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल, ते प्रत्येकाने आधी लिहून द्यायचं! इतकी साधी गोष्ट आजवर कोणाच्या डोक्यात कशी आली नाही, याचं आश्चर्य वाटतं. पण डोकी कोणाची आहेत तेही पाहिलं पाहिजे.

दुपारी नियम काढले. एक: ‘विद्यार्थ्याला समजेल’ हे वाक्य बंद. समजलं की नाही ते मोजता येत नाही. दोन: क्रियापद नाही तर तास नाही. तीन: तासांचे अर्ज २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत. कुठलीही सबब चालणार नाही, आजारपणाचीही. चार: अपील नाही.

समितीच्या क्लार्कने विचारलं, हे प्रमुखांनाही लागू आहे का. सरळ, नाकासमोर चालणारा माणूस. मी म्हटलं, ‘प्रमुखांसह सर्वांना’ असं ठळक अक्षरात टाक. असं लिहिलं की लोकांवर छाप पडते.

१९ जानेवारी

अर्ज येऊ लागले. देवा. ‘समजेल’ बंद केल्याबरोबर सगळ्यांनी तिथे डोळे मिटून ‘करून दाखवेल’ घातलं आहे. फॉरेन्सिकवाले लिहितात, ‘विद्यार्थी मृत्यूनंतरचे बदल स्वतः करून दाखवेल.’ हुंकार लिहितो, ‘विद्यार्थी झोपेच्या अवस्था करून दाखवेल.’ त्याच्या वर्गात त्या रोज होतात, त्यासाठी अभ्यासक्रमाची गरज नाही. दोघांचेही अर्ज लाल शाईने परत.

बायोकेमिस्ट्रीच्या बाईंनी ‘विद्यार्थी आकृती काढेल’ असं एकोणीस वेळा लिहिलं होतं. मी शेरा मारला की आपण डॉक्टर घडवतो, चित्रकार नाही, आणि ‘आकृती काढणे’ सरसकट अमान्य. क्लार्कने तो शेरा नियमांच्या फाइलला लावून ठेवला. माझे शेरे लोकांनी जपून ठेवावेत असेच असतात.

२ फेब्रुवारी

हुंकारचे चौदा तास कापले. हं म्हणाला. अशाने कापायची मजाच जाते.

बायोकेमिस्ट्रीच्या बाई मात्र रडल्या. अकरा वर्षं तो विषय शिकवत होत्या म्हणे. मी त्यांना समजावलं की तास म्हणजे कोणाची जहागीर नव्हे, शिक्षकाने विषयात जीव अडकवू नये, विद्यार्थ्याकडे बघावं. फार चांगलं बोललो. संध्याकाळी सौ.ला सगळं पुन्हा बोलून दाखवलं. ती म्हणाली, मग तुमच्या सहाचं काय झालं? तिला प्रशासनातलं काही कळत नाही.

माझा अर्ज शेवटी भरणार. घरचंच काम आहे, पाच मिनिटांचं.

९ फेब्रुवारी

लिफ्ट बंद. अकरा विभागांच्या फायली घेऊन स्वतः तीन जिने चढलो. शिपाई मदतीला आला होता, पण त्याने फायलींच्या गठ्ठ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला आवडली नाही. दुसऱ्या जिन्यावर उजव्या जांघेत काहीतरी चमकलं. स्नायू ओढला गेला असणार. काम करणाऱ्याच्याच नशिबी हे येतं.

१२ फेब्रुवारी

जांघेत लिंबाएवढा फुगवटा. खोकलं की वाढतो, आडवं झालं की जातो. स्नायूची सूज, नक्की. सौ. म्हणाली, अहो, हर्निया तर नसेल? मला इतकं हसू आलं की फुगवटा आणखी वाढला. मी तिला म्हटलं, चोवीस वर्षं मी जगाला हर्निया शिकवतोय आणि माझा मला ओळखता येणार नाही? ती म्हणाली, तसं नाही हो, पण एकदा कोणाला तरी दाखवा. कोणाला दाखवू? या गावात माझ्यापेक्षा जास्त कळणारं कोण आहे?

गरम पिशवीने शेकलं. फरक नाही.

१५ फेब्रुवारी

माझा अर्ज भरायला बसलो. विषय: इंग्वायनल कॅनॉल. तास: सहा. विद्यार्थी काय करेल?

‘विद्यार्थी थक्क होईल’ असं लिहिलं. क्लार्कने परत आणून दिलं. थक्क होणं मोजता येत नाही म्हणे. ‘विद्यार्थी हे व्याख्यान जन्मभर विसरणार नाही.’ हे नकारार्थी आहे म्हणे. ‘विद्यार्थी कृतज्ञ राहील.’ यावर तो नियम दोनवर बोट ठेवून उभा राहिला. या माणसाला कल्पकतेचं वावडं आहे. याची बदली करायला हवी.

२३ फेब्रुवारी

सौ.ने परस्पर माझ्या वर्गमित्राला फोन केला. तो इथे सर्जरीचा प्रमुख आहे. त्यामुळे ओपीडीत जावं लागलं. पडद्यामागे टेबल, त्यावर करकरणारा कागद. त्याने मला हात लावायच्या आधीच एका विद्यार्थिनीला बोलावलं. गेल्या वर्षी माझ्या वर्गात होती. म्हणाला, जरा बघ गं यांना.

आधी उभं करून खोकायला लावलं. मग आडवं करून फुगवटा हलकेच आत ढकलला, एका जागी बोट दाबून धरलं आणि पुन्हा खोकायला लावलं. दोन मिनिटंही लागली नसतील. म्हणाली, उजव्या बाजूचा इनडायरेक्ट इंग्वायनल हर्निया आहे, सर.

बोट अगदी अचूक जागी होतं. ती जागा मी फळ्यावर जांभळ्या खडूने दाखवतो. मी अभिमानाने विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, मॅडमनी पायमोज्यात शिकवलं. मग माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाली, सर, तुमच्या आकृत्या फार सुंदर असायच्या, माझ्या वहीत अजून आहेत. वर्गमित्र इतका हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला. ऑपरेशनची तारीख दिली, १० एप्रिल. तोवर जड उचलू नकोस आणि दुखलं तर ताबडतोब ये, म्हणाला.

मला लाज वाटली. इतकी लाज या कॉलेजात कधी वाटली नव्हती.

२४ फेब्रुवारी

नीट विचार केला. पाया मीच घातला होता, म्हणून तिला पायमोज्यातलं कळलं. शिवाय स्वतःचा हर्निया स्वतःला दिसणं कठीणच असतं, आपण वरून बघतो. काल उगाच हळवं लिहिलं. ते पान फाडावं असं वाटलं होतं, पण मागच्या बाजूला हुंकारच्या कापलेल्या तासांची यादी केली आहे.

२८ फेब्रुवारी, ४.१०

अर्ज समोर. दोन वाजल्यापासून बसलो आहे. माझ्या सहा तासांत पोरं नेमकं काय करतात? बघतात. उतरवून घेतात. मागच्या दोन ओळी काय करतात ते मी कधी पाहिलेलं नाही, कारण माझी पाठ त्यांच्याकडे असते.

४.४०

सापडलं! ‘विद्यार्थी आकृती काढेल.’ ते खरोखर काढतात!

४.४८

क्लार्क १९ जानेवारीचा माझा शेरा घेऊन आला. आपण डॉक्टर घडवतो, चित्रकार नाही. मी म्हटलं, तो शेरा बायोकेमिस्ट्रीपुरता होता. तो म्हणाला, सर, तुम्हीच ‘सरसकट’ लिहिलंय.

४.५९

तो रकाना रिकामाच ठेवून सही केली. प्रमुखाच्या अर्जात रिकामा रकाना म्हणजे मंजूर, हे कोणाच्याही लक्षात येईल.

१२ मार्च

महाविद्यालय परिषदेने माझा अभ्यासक्रम अकरा मिनिटांत मंजूर केला, उद्यापासून लागू. टाळ्या. डीन म्हणाले की इतका निष्पक्ष अभ्यासक्रम त्यांनी पाहिला नाही, प्रमुखाने स्वतःलाही सोडलेलं नाही. मला वाटलं कौतुकाचं नेहमीचं काहीतरी बोलतायत. मग पान सत्तेचाळीस उघडलं.

इंग्वायनल कॅनॉल. लेक्चर: शून्य. प्रात्यक्षिक: सहा तास. शिक्षक: शिवणक्लास. विद्यार्थी हर्निया तपासून निदान करेल.

क्लार्ककडे गेलो. त्याने नियम दोन दाखवला, आणि त्याच विषयाचा शिवणक्लासचा क्रियापद भरलेला अर्ज. मी आवाज चढवला. त्याने नियम चार दाखवला. डीनकडे गेलो. ते म्हणाले, तुमचे नियम इतके आवडले की मी ते दोन कॉलेजांना आदर्श म्हणून पाठवले आहेत, आता पहिला अपवाद तुमचाच कसा करू? बाहेर कॉरिडॉरमध्ये हुंकार भेटला. मी त्याला सगळं सांगितलं. अर्धा तास सांगितलं. हं म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात झटकून टाकायला हवा होता. टाकला नाही.

१४ मार्च

आठचं माझं लेक्चर आता नाही. सवयीने साडेसातला तयार झालो होतो. सौ.ने विचारलं, आज कुठे निघालात? मी म्हटलं, प्रशासकीय काम आहे. ती म्हणाली, मग जरा बसा, पोळी तरी गरम खा. गरम पोळी खाल्ली. चोवीस वर्षांत कामाच्या दिवशी पहिल्यांदा. अजिबात आवडली नाही.

संकल्प: राजीनामा देणे. मसुदा उद्या.

१८ मार्च

मसुदा चालू असताना शिवणक्लास केबिनमध्ये आली. बसली नाही. म्हणाली, सर, पायमोजा शेवटी पायमोजाच असतो. खरा रुग्ण पोरांना तासभर देता येत नाही, बिचारे दुखण्याने बेजार असतात आणि लाजतातही. तुमचं ऑपरेशन दहा एप्रिलला आहे. सर्जरीच्या सरांना विचारलं, ते म्हणाले की बेताने केलं तर धोका नाही. तुमची हरकत नसेल तर...

मी ताडकन म्हटलं, तुम्ही कोणाशी बोलताय ते कळतंय का? विभागप्रमुख टेबलावर झोपणार आणि पहिल्या वर्षाची पोरं... ती म्हणाली, बरोबर आहे सर, चुकलं माझं. आणि जायला निघाली. हातातला कागद टेबलावर राहिला होता. प्रात्यक्षिकाचं वेळापत्रक. त्यात ‘आवश्यक साहित्य’ असा एक रकाना होता. पायमोजे, दोरा, फोम, आणि खाली पेन्सिलीने माझं पद. त्याच्यापुढे लिहिलं होतं, सहा तास.

सहा.

मी तिला दारातून परत बोलावलं आणि विचारलं, किती वाजता.

२० मार्च

याकडे नीट पाहिलं पाहिजे. जगात किती प्राध्यापकांनी स्वतःच्या देहाने विषय शिकवला असेल? राजीनाम्याचा मसुदा बाजूला ठेवला. टेबलावर झोपूनही शिकवता येतं. उलट तिथून विद्यार्थ्यांचे चेहरे दिसतील. चाळीस मिनिटांची प्रस्तावना तयार केली. सौ.समोर वाचून दाखवली. ती म्हणाली, छान आहे, पण आतले कपडे नवीन आणू या का?

२५ मार्च

आठ वाजता. पहिली तुकडी, दहा जण. हात गार आणि घाबरलेले. शिवणक्लास टेबलाच्या डोक्याशी उभी होती. मी प्रस्तावनेला सुरुवात केली. पोटाच्या भिंतीचे थर बाहेरून आत क्रमाने घेतले. तिसऱ्या थरापर्यंत आलो होतो. शेजारचा मुलगा बोट दाबून धरून केव्हाचा वाट बघत होता. शेवटी फार नम्रपणे म्हणाला, सर, बोलू नका ना, हाताला काही कळत नाही. फक्त खोका.

मी शिवणक्लासकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

खोकलो.