बसतेच कुठे?

ती. आईस,
दमलेल्या लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. झोपेची डॉक्टर असून माझीच झोप पुरी होत नाही, यावर हसून घे.

आमच्याकडे पेशंटला एक फॉर्म देतात. टीव्ही बघताना डुलकी लागते का? वाचत बसल्यावर? गेल्या वर्षी एका बाईंनी सगळीकडे ‘नाही’ लिहिलं आणि मी ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून त्यांना घरी पाठवलं. परवा त्या परत आल्या. इस्त्री करताना उभ्या उभ्या डोळा लागला आणि हात भाजला. म्हणाल्या, “डॉक्टर, मी बसतेच कुठे?”

फॉर्म बदला म्हणून साहेबांशी आज तिसऱ्यांदा भांडले. म्हणाले, “बायका दमतातच.” चौथ्यांदा जाईन, पण आज अंगात त्राण नाही.

बाबांचे गुडघे कसे आहेत? त्यांच्या घोरण्याची तू रोज सकाळी नक्कल करायचीस आणि आम्ही पोट धरून हसायचो. म्हणजे ते ऐकत तू रात्रभर जागी असायचीस, हे माझ्या आज लक्षात आलं, आई. झोपेची डॉक्टर होऊन वीस वर्षांनी.

सोबत फॉर्म पाठवतेय. शेवटचा प्रश्न मी हाताने लिहिलाय: दिवसात किती वेळ बसता?

बसून भर.

तुझी,
धाकटी