तसबीर नसलेली भिंत

थाटीपुर, ग्वाल्हेर
११ नोव्हेंबर २०२४

चि. तन्वीस आजीचे आशीर्वाद. इकडे सगळे धड आहेत, एक छप्पर सोडून.

फोनवर मला ऐकू येत नाही, आणि तू नुसतं हो हो करतेस. म्हणून लिहिते. तुझी वहिनी सीमंतिनी पत्राचा फोटो काढून धाडेल. चौथीची अक्षरं आहेत, लावून वाच.

मागच्या खोलीचे जुने पत्रे उतरवले. दौलतसिंह मिस्त्रीने तुझ्या नकाशावरून छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या करून आणल्या. आज एक उचलून पाहिली, तर गल्लीकडच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. चार बोटं अधांतरी. तो म्हणतो टुकडा वेल्ड करून देतो, गुरुवारी चढवून टाकू. तुझा बाप श्रीपाद म्हणतो बिलकुल चढव, माझ्या मुलीचा नकाशा चुकायचा नाही. तो रंगीत कागद श्रीपादने अख्ख्या मोहल्ल्यात मिरवलाय. कागदात भिंत कशी काठीसारखी सरळ!

ती भिंत त्याने तरुणपणी स्वतःच्या हाताने बांधली. तिच्यावर आपण तसबीर का लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या छपराखाली सीमंतिनी तान्ह्याला घेऊन निजणार. खरं काय ते लिही. लाडीगोडी नको.

रागासकट लोभ आहे.
आजी

पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच नकाशा उघडला. भिंत वर जाताना बाहेर झुकते, म्हणून तर तिच्यावर तसबीर लावत नाही; पण हे बाबांच्या मापांत नव्हतं, खोलीच्या फोटोत मात्र दिसत होतं. मी ती तशीच तिरकी काढली. मग तिला छपराशी जोडायला गेले की नकाशाचा संगणकावरचा प्रोग्राम नकार देई. एकीकडे फट राही, दुसरीकडे भिंत छपरातून वर डोकं काढी. शेवटी मी भिंत सरळ केली. सांधा चटकन बसला. वाटलं, बाबांनाही बरं वाटेल. आणि वाटलं तसंच झालं, त्यांनी आनंदाने फोन केला. त्यानंतर खरं सांगायचं राहून गेलं.

टुकडा जोडून मुळीच चढवू देऊ नका. भार चुकीच्या जागी येईल. मला भिंतीच्या माथ्याची मापं हवीत, दर हातावर एक. बाबांना सांग, बिघाड प्रोग्रामचा आहे. भिंतीचं नाव काढू नकोस, त्यांच्या जिवाला लागेल.

रागावलीस तरी तुझीच,
तन्वी

थाटीपुर
१३ नोव्हेंबर २०२४

चि. तन्वीस आशीर्वाद.

तुझं खोटं मी सांगितलं नाही. एका घरात किती जणांनी एकच भिंत झाकायची?

दौलतसिंह गुरुवारपर्यंत थांबला नाही, आज सकाळीच माणसं घेऊन आला. मी खाट ओढून खोलीच्या मधोमध टाकली आणि आडवी झाले. म्हटलं, चढवा, कोसळलं तर पहिली मीच जाते. श्रीपाद ओरडला, आई, लोकांत तमाशा करू नकोस. मी म्हटलं, तमाशा पडल्यावर होईल, आत्ता नुसती म्हातारी निजली आहे. माणसं हसायला लागली तशी त्याने त्यांना चहाला धाडलं आणि माझ्याशी भांडायला आत आला. भिंत सरळ आहे का ते बघायचा त्याचाच जुना ओळंबा मी ट्रंकेतून काढून खाटेच्या पायथ्याशी ठेवला होता, तो दाखवला.

त्याने तो उचलला. मग शिडीवर चढला. मला तोंड फिरवायला सांगितलं. मी फिरवलं, पण कान कामाचे नाहीत म्हणून डोळे जरा वापरले. दोन्ही कोपऱ्यांत दोरी सोडली त्याने. दुसऱ्या कोपऱ्यात दोनदा. खाली उतरला आणि दौलतसिंहाला म्हणाला, कैच्या परत घेऊन जा, नवी मापं येतील.

माथ्याची दर हातावरची मापं त्याच्या हातची आहेत, सीमंतिनी धाडते आहे. या खेपेला भिंत आहे तशी काढ. छपराला वाकव, त्याला सवय नाही म्हणून काय झालं.

आणि दुपारी जेवण झाल्यावर तुझ्या बापाने खिळा-हातोडी मागितली. तुझ्या आजोबांची तसबीर आणून त्याच भिंतीवर लावली. भिंत मागे कललेली, म्हणून ते आभाळाकडे बघताहेत. छप्पर लवकर पाठव.

तुझी,
आजी