टेकडीवरचे खड्डे

प्रिय चिमे,

फोन सोडून पत्र कसलं लिहितेय, असं म्हणशील. पण हे फोनवर बोलायची मला भीती वाटते.

सर्दी-तापात आई ज्या रानपाल्याचा काढा आपल्याला नाक दाबून पाजायची, तो मी प्रयोगशाळेत तपासला, हे तुला ठाऊक आहे. जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब पडले आणि रंग बघता बघता पिवळा झाला. म्हणजे पेशींची झीज रोखणारी अँटिऑक्सिडंट द्रव्यं त्यात भरपूर. पण नळीत रंग उतरला म्हणून माणसाचं दुखणं उतरेलच असं नाही, हेही मी अहवालात लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नाही. वाचलं ते पुढचं: हे झुडूप फक्त खाणीमागच्या टेकडीवर उगवतं. चिमे, ते वाक्यही माझंच गं.

महिन्याभरानं टेकडीवर गेले. वाटलं होतं, पाला ओरबाडलेला असेल. झुडपंच नव्हती. उतारभर ओंजळीएवढे गोल खड्डे, कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत. माशी नाही, पाखरू नाही. मी मागे न बघता खाली आले.

जपून ठेवलेल्या दोनशे बियांतली एकही रुजली नाही. प्रयोगशाळेच्या काचघरात सहा रोपं होती. मंगळवारी पाहते तर कुलूप जागच्या जागी आणि सहाही कुंड्यांत तसेच गोल खड्डे. पहारेकरी गोंधळून म्हणाला, "मॅडम, काल तुम्हीच नाही का घेऊन गेलात?" सोमवारी तर मी रजेवर, दिवसभर दवाखान्यात आईच्या तपासण्यांच्या रांगेत होते.

आईला हल्ली कालचं आज आठवत नाही, म्हणून काल संध्याकाळी ती जे बोलली ते मी आधी हसण्यावारी नेलं. म्हणाली, "दुपारी तर येऊन गेलीस. किती वेळा विचारशील चिमीचा पत्ता?" मग माझी बोटं हातात घेऊन म्हणाली, "बरं झालं, नखं धुतलीस. दुपारी मातीनं काळी होती."

तू वेगळं घर केलंस तेव्हा आईनं तुला या झुडपाची फांदी दिली होती. तुझ्या खिडकीतलं ते आता शेवटचं. हे पत्र हातात पडताच त्याच्या फांद्या कापून दहा घरी लावायला दे. एकाच जागी राहिलं म्हणून तर ही पाळी आली. कुणाला दिल्यास ते मलाही सांगू नकोस. आणि ऐक, मी तुझ्याकडे येणार नाहीये. दारात ताई उभी दिसली, तरी दार उघडू नकोस.

तुझीच,
ताई