पेपर सहावा : युद्ध आणि सुरक्षितता

३ जुलै १९६२, अमरावती
एम.ए. फायनल सुरू. राज्यशास्त्र. सहावा पेपर मुद्दाम ‘युद्ध आणि सुरक्षितता’ घेतला. वर्गात तो घेणारे दोघेच, मी आणि देवमन वानखडे. बाकीचे अकरा जण ‘स्थानिक स्वराज्य’कडे पळाले. मोजत बसा म्हणावं नगरपालिकेच्या नाल्या. किळस येते अशा लोकांची.
अकोल्याच्या शाळेने एक वर्षाची रजा दिली आहे. हेडमास्तर म्हणाले, वामनराव, पास झालात तर प्राध्यापक व्हा, नाहीतर सातवीचा भूगोल आहेच. बारा वर्षं शिकवला तो भूगोल. आता नाही. देशाला तज्ज्ञ हवे आहेत.
उद्यापासून पहाटे पाच ते नऊ वाचन.

५ जुलै
वाचन झाले नाही. घरमालकीण गोदाबाई मोझरीच्या आश्रमात जाऊन आल्यापासून पहाटे ओसरीवर दहा बायका जमवून प्रार्थना करतात. वर खंजिरी. शांतीसाठी एवढा आवाज कशाला लागतो कोण जाणे. उद्यापासून संध्याकाळी वाचन.

१४ जुलै
खोलीत माझ्याबरोबर देवमनच आहे. तेल्हाऱ्याचा. सकाळी कॉलेज, दिवसभर ट्रेझरीत कारकुनी. वाचायला अतिशय मंद. एका पानाला अर्धा तास, प्रत्येक कठीण शब्दाचा अर्थ समासात पेन्सिलीने. त्याला मार्गदर्शन करायचे ठरवले आहे. छप्पन साली हे लोक बौद्ध झाले, ठीक आहे, मी जातपात मानतच नाही. पाण्याचा माठ वेगळा ठेवला आहे तो केवळ आरोग्याच्या दृष्टीने.

२ ऑगस्ट
खानावळीत सलग नवव्या दिवशी वांगी. अशा अन्नावर विचार कसा होणार? आचाऱ्यांना तसे सांगितले. ते म्हणाले, तो वानखडे खाऊन वाचतेच की. वाचणे आणि विचार करणे यातला फरक आचाऱ्याला काय सांगणार.
मुख्य पुस्तक लायब्ररीतून आणले. सहाशे पाने. प्रस्तावना उत्तम आहे.

११ सप्टेंबर
पेपरात चीनच्या सरहद्दीवर कुरबूर झाल्याची बातमी. प्रोफेसरांनी विचारले, पुढे काय होईल? देवमन म्हणाला, सांगता येत नाही. याला उत्तर म्हणतात! मी वीस मिनिटे बोललो. तास संपला तेव्हा प्रोफेसर घड्याळाकडे पाहत होते, बहुधा वेळ कमी पडला म्हणून.

१९ ऑक्टोबर, अकोला
सार्वजनिक वाचनालयात माझे व्याख्यान : ‘चीन हल्ला करणार नाही : सात कारणे’. श्रोते चौदा. त्यातले दोघे वर्तमानपत्र वाचायला आले होते आणि वाचतच राहिले. सौ. मागे बसली होती. घरी येताना तिला विचारले, कसे झाले? म्हणाली, सात कारनं जरा जास्तच झाली. बायकांना विश्लेषण नको असते.

२१ ऑक्टोबर, अकोला
चीनने काल पहाटे हल्ला केला.
सातही कारणे पुन्हा तपासली. बरोबर आहेत. चूक चीनची आहे, त्यांनी स्वतःचे हित ओळखले नाही. सासरे सकाळपासून माझ्याकडे पाहून मिशीत हसतात. घृणा आली. दिवाळी आठवड्यावर असूनही संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला निघालो.

२४ ऑक्टोबर, अमरावती
देवमन तीन दिवस जेवलेला नाही असे खानावळीत कळले. त्याचा धाकटा भाऊ धर्मपाल पलटणीत आहे आणि नेफाच्या आघाडीवर आहे. मला आधी का सांगितले नाही, म्हणून त्याला रागावलो. तो म्हणाला, ऑगस्टात दोनदा सांगितलं. असेलही. तेव्हा मी प्रस्तावनेत गुंतलो होतो.
त्याला धीर दिला. शास्त्रीय व्याख्येप्रमाणे हे अजून युद्ध नाही, कारण कोणीही ते जाहीर केलेले नाही. तो उठून बाहेर गेला. व्याख्या त्याला कठीण गेली असावी.

६ नोव्हेंबर
दुपारी देवमनची आई आली. मनकर्णाबाई. तेल्हाऱ्याहून दोन एस.टी. बदलून, डोक्यावर ज्वारीचे गाठोडे. देवमन कचेरीत होता. आत या म्हटले तर उंबऱ्याबाहेरच बसल्या. पाणी मागितले. मी देवमनच्या माठातले दिले. त्यांनी दोन्ही माठांकडे पाहिले, तांब्या रिकामा केला आणि स्वतः विसळून पालथा घातला.
मग म्हणाल्या, “मास्तर, तुमी लढाईचंच शिकून राहिले म्हन्ते देवमन. माहा धर्मपाल तिकडं हाये. दोन महिने झाले, चिठ्ठी नाही. तो आता कुठं असन, तेवढं सांगा.”
मी नकाशा काढला. हिमालय, मॅकमहोन रेषा, तिबेटचा प्रश्न, १९१४ पासून सगळे समजावले. पाऊण तास. त्यांनी लक्ष देऊन ऐकले. शेवटी नकाशावर बोट ठेवून विचारले, “याच्यात थंडी कुठं कुठं हाये?”
म्हटले, सगळीकडेच.
त्या उठल्या आणि रस्त्यावर जाऊन देवमनची वाट पाहत उभ्या राहिल्या. तीन तास. मी खिडकी लावून घेतली. वाचन झाले नाही.

७ नोव्हेंबर
माझा माठ फुटला. मीच फोडला असे देवमनला वाटू नये म्हणून सांगितले, मांजर होती. तो म्हणाला, खिडकी तं बंद होती. मग खापऱ्या गोळा केल्या. अशी माणसे फार त्रास देतात.

२१ नोव्हेंबर
चीनने आपण होऊनच लढाई थांबवली. आणि मागेही जाणार म्हणे. हे पुस्तकाच्या कोणत्याच प्रकरणात बसत नाही. कालच मी कॉलेजच्या फळ्यावर लिहिले होते की लढाई निदान दोन वर्षे चालेल. आज सकाळी लवकर जाऊन पुसणार होतो, पण कोणीतरी खाली ‘तज्ज्ञ’ असे लिहून ठेवले होते. तेही पुसले.

१७ डिसेंबर
धर्मपालचे कार्ड आले. जिवंत आहे, दवाखान्यात आहे, थंडीने पायाची तीन बोटे गेली. देवमनने कार्ड चारदा वाचले, मग पुस्तक उघडले. अशा दिवशी पुस्तक उघडवतेच कसे? माझे मन फार हळवे आहे, मी झोपलो.

९ फेब्रुवारी १९६३
गेल्या दोन महिन्यांत अकरा व्याख्याने. मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर, मिळेल त्या शाळेत. विषय : ‘चीनने हल्ला का केला : सात कारणे’. सगळीकडे हार आणि चहा. एका शाळेत अध्यक्ष माझे नाव विसरले. उबग आला या समाजाचा. पण एवढ्या व्याख्यानांमुळे अभ्यास आपोआप होतो आहे.

२८ मार्च
मुख्य पुस्तकाची पाने चिकटलेली निघाली. पान ४१ पासून पुढे कापलेलीच नाहीत. म्हणजे लायब्ररीने न वाचलेले पुस्तक मला दिले. देवमनने त्याच्याजवळची टिपणे देऊ केली. पेन्सिलीत आहेत. माझ्या डोळ्यांना पेन्सिल सोसत नाही.

१९ एप्रिल
सहावा पेपर झाला. पाचपैकी दोन प्रश्न लिहिले, पण लिहिले ते असे की परीक्षकाच्या लक्षात राहावे. पहिल्याला नुसती प्रस्तावनाच चौदा पाने. देवमनने पाचही लिहिले. प्रत्येकी चार पाने. कारकून तो कारकूनच.

२६ जून, अकोला
निकाल. देवमन सेकंड क्लास. माझा नंबर पेपरात नाही. छपाईची चूक. विद्यापीठाला पत्र टाकले.

३ जुलै, अकोला
विद्यापीठाचे उत्तर आले. सहावा पेपर, शंभरपैकी सतरा. सौ.ने वाचले, घडी घातली आणि चहा ठेवला. ती काही बोलली असती तर बरे झाले असते. शाळेत रुजू झालो. हेडमास्तर सभ्यपणे वागतात, ते सर्वात असह्य.
देवमनचे कार्ड : रविवारी घरी जेवायला या, धर्मपाल आला आहे. पास झाला तो माझ्या मार्गदर्शनामुळे, तेव्हा जाणे भाग आहे. शिवाय एका सैनिकाला या युद्धाची पार्श्वभूमी कोणीतरी नीट सांगायला हवी. टाचण काढले.

७ जुलै, तेल्हारा
धर्मपाल खाटेवर पाय लांब करून बसला होता. तेवीस वर्षांचा. वाटले होते त्याहून बारीक. देवमनने माझी ओळख करून दिली, हे माझे रूम-पार्टनर, आम्ही दोघांनी मिळून अभ्यास केला. मिळून, असे म्हणाला. माझ्या निकालाचे कोणी काढले नाही.
मी टाचण काढून सुरुवात करणार, एवढ्यात धर्मपाल म्हणाला की सर, तुम्ही आलेच आहात तर एक विचारायचे आहे, देवमन म्हणतो त्याला माहीत नाही.
“आमी वीस जन होतो त्या टेकडीवर. सात उरलो. ते आले काहून? आन् जितून राहिले होते तं वापस गेले काहून?”
मनकर्णाबाई चुलीपासून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराने हात पुसत माझ्याकडे पाहत होत्या. मी टाचणावर नजर टाकली. अक्षर माझेच होते. चांगले, वळणदार.
तोंडून निघाले, “मले नाही माहीत.”
बारा वर्षे वर्गात, वर्षभर कॉलेजात, व्याख्यानांत, मी असे बोललेलो नाही. ना हे शब्द, ना ही बोली.
धर्मपालने मान हलवली. म्हणाला, “मलेबी नाही.”
मनकर्णाबाई आत वळल्या, पाट मांडले. भाकरी, डाळ, वांग्याची भाजी. मी पोटभर जेवलो. मला पुन्हा कोणी काही विचारले नाही.